लेह किती लांब?

आमच्या शाळेच्या भूगोलाच्या वर्गात भिंतीवर भारताचा एक जुना नकाशा आहे. त्याच्या घड्या फाटल्या आहेत, बंगालच्या उपसागरावर शाईचा डाग पडला आहे, आणि काश्मीरच्या माथ्याशी खिळा ठोकून ठोकून एक भोक झाले आहे. त्या भोकाच्या थोडे उजवीकडे, खाली, बारीक अक्षरांत 'लेह' असे लिहिलेले आहे. इतकी वर्षे मी मुलांना हिमालयाच्या रांगा शिकवीत आलो. पण त्या दोन अक्षरांवर छडीचे टोक मी कधी क्षणभरही टेकवले नव्हते. ते टेकवायला मला एका बाईने लावले.

माझा एक विद्यार्थी फौजेत गेला. अभ्यासात बेताचा, पण धावण्यात वारा. भरतीनंतर दोन वर्षांनी त्याची बदली लेहला झाली, तेव्हा त्याची आई शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहिली. पदराला हात पुसत म्हणाली, "गुरुजी, लेह म्हंजी किती लांब वो?"

मी तिला वर्गात नेले. नकाशावर दोऱ्याचे एक टोक दिल्लीवर धरले, दुसरे लेहवर. दोरा ताणून खालच्या मोजपट्टीवर ठेवला. मास्तराला आपली विद्या दाखविण्याची हौस असतेच. मी तिला म्हणालो, "हे पाहा मावशी, दिल्ली आणि लेह जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. दोन्ही ७७ अंशांच्या आसपास. मधे अक्षांशाचे साडेपाच अंश. एका अंशाला १११ किलोमीटर. म्हणजे सरळ रेषेत सव्वासहाशे किलोमीटरसुद्धा भरत नाहीत. आपल्या मुंबईहून नागपूर याहून लांब आहे. विमानाने सव्वा तास!"

"सव्वा तास?" तिचा चेहरा उजळला. "मग काय, जवळच हाय की!"

ती समाधानाने गेली, आणि मीही समाधानाने दोरा गुंडाळून खिशात घातला.

त्या हिवाळ्यात, जानेवारीत, त्या मुलाचे वडील अकस्मात गेले. निरोप तासाभरात लेहला पोचला. रजाही लगेच मंजूर झाली. पण लेहवर बर्फ पडत होते. रस्ते तर केव्हाच बंद झालेले. आता विमानेही बंद. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. चौथ्या दिवशी आभाळ फाटले आणि विमान उडाले. मुलगा गावात आला तो पाचव्या दिवशी. अग्नी धाकट्या चुलतभावाने दिला होता. सावडणेही होऊन गेले होते. मी भेटायला गेलो तेव्हा ती माउली भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून तिने तक्रार केली नाही. इतकेच म्हणाली, "गुरुजी, तुमी सव्वा तास म्हनला व्हता."

तिच्या बोलण्यात दोष नव्हता, म्हणूनच ते मला फार लागले. मी खोटे सांगितले नव्हते. माझा दोरा खरा होता, मोजपट्टी खरी होती. तरीही मी तिला चूक उत्तर दिले होते. ते कोठे चुकले, हे शोधण्यासाठी मी लेहविषयी मिळेल ते वाचू लागलो. मी इतिहासाचा पंडित नव्हे; शाळेपुरते शिकलेला, चार कादंबऱ्या लिहिलेला माणूस आहे. पण या शोधात जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

*

पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही की, लेह पूर्वी कोपऱ्यातले गावच नव्हते. आपण दिल्लीत बसून पाहतो म्हणून ते आपल्याला टोकाचे दिसते. ज्या काळी व्यापार घोड्यांच्या आणि याकांच्या पाठीवरून चाले, त्या काळी लेह हा एक मोठा चौरस्ता होता. पश्चिमेस श्रीनगर, पूर्वेस ल्हासा, दक्षिणेस कुलू आणि पंजाब, आणि उत्तरेस काराकोरमची खिंड ओलांडून यारकंद. तिबेटी पठारावरची पश्मीना लोकर येथूनच काश्मीरच्या शालविणकरांकडे जाई. तिच्यासाठी राज्ये भांडली, तह झाले. १८३४ साली जम्मूच्या गुलाबसिंगाचा सेनापती जोरावरसिंग लडाखवर चालून आला, त्याच्या मनसुब्यांमागेही ही लोकर होतीच. हाच जोरावरसिंग पुढे तिबेटात शिरला आणि १८४१ च्या डिसेंबरात, भर थंडीत, लढता लढता तेथेच पडला. हिमालयापलीकडचे अंतर त्यालाही नडले, असे म्हणावयास हरकत नाही.

त्याच्या थोडे आधी, १८२० साली, विल्यम मूरक्रॉफ्ट हा कंपनी सरकारचा घोड्यांचा वैद्य लेहला पोचला होता. चांगल्या जातीचे घोडे शोधत तो बुखाऱ्याला निघाला होता. यारकंदची वाट मिळावी म्हणून तो लेहला दोन वर्षे थांबला, आणि ती वाट त्याला मिळाली नाही. पुढे १८७० मध्ये इंग्रज सरकार आणि महाराजा रणबीरसिंग यांच्यात व्यापारी तह झाला, त्यावरून श्रीनगर-लेह-यारकंद या वाटेला 'तहाचा रस्ता' हे नाव पडले. रस्ता कसला, पायवाटच. पण मुक्कामाच्या जागा ठरलेल्या, धर्मशाळा आणि कोठ्या बांधलेल्या. श्रीनगरहून लेहला पंधरा-सोळा मुक्काम पडत. त्या काळच्या माणसाला 'लेह किती लांब?' असे विचारले असते, तर त्याने मैल सांगितलेच नसते. "सोळा मुक्काम," असे तो म्हणाला असता; आणि त्यापुढे हमखास जोडले असते, "झोजी ला उघडा असेल तर."

हे 'तर' महत्त्वाचे. ला म्हणजे खिंड. श्रीनगरकडून जाताना झोजी ला ही ११,५०० फुटांहून थोडी उंच. पुढची फोटू ला तर १३,४०० फुटांच्या वर. गंमत अशी की, वाटेतली सर्वांत उंच खिंड फोटू ला. पण वाट अडवते ती तिच्याहून दोन हजार फुटांनी ठेंगणी झोजी ला. कारण काश्मीरकडून येणारे सगळे ढग तिच्याच माथ्यावर ओझे टाकतात. पलीकडे लडाखात जवळजवळ कोरडे वाळवंट. लडाखला पावसापासून आणि जगापासून तोडणारी भिंत ती एकच.

*

ही भिंत किती जीवघेणी होऊ शकते, ते १९४८ साली दिसले. माझ्या सगळ्या वाचनात मला अधिक गुंतवून ठेवले ते याच वर्षाने.

फाळणीनंतरचा तो काळ. गिलगिट हातचे गेले होते. १९४८ च्या फेब्रुवारीपासून स्कार्दूच्या किल्ल्याला वेढा पडला होता. लेहमध्ये रक्षणाला मूठभर शिपाई. झोजी ला बर्फाने बुजलेली. अशा वेळी लाहौलचा एक अधिकारी, पृथीचंद, स्वेच्छेने पुढे आला. त्याच्याबरोबर त्याचा नातलग खुशालचंद आणि चाळीस-एक जवान. भर फेब्रुवारीत, ज्या ऋतूत त्या खिंडीत कोणी पाऊल टाकीत नाही, त्या ऋतूत ही मंडळी बंदुका आणि काडतुसे घेऊन झोजी ला ओलांडून गेली आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास लेहला पोचली.

त्या तुकडीबरोबर एक लडाखी तरुण होता. त्याच्या हाती लढाईचे काम नव्हते. तो होता सोनम नोरबू, विलायतेत शिकून आलेला इंजिनियर. लेहजवळ सिंधूच्या काठी विमान उतरेल अशी पट्टी तयार करायची, हे त्याचे काम. यंत्रे नाहीत, सिमेंट नाही, रोलर नाही. गावोगावचे बायाबापडे, भिक्षू, शेतकरी फावडी आणि टोपल्या घेऊन आले. दगड वेचले, वाळू सपाट केली. काही हजार रुपयांत आणि काही आठवड्यांत पट्टी तयार झाली. आज लेहच्या मोठ्या इस्पितळाला याच सोनम नोरबूचे नाव आहे.

पट्टी झाली, पण उतरणार कोण? तोवर मे महिना उजाडला होता. कारगिल आणि द्रास हातचे जात होते आणि त्याबरोबर लेहची जमिनीवरची वाट तुटत होती. विमानदलात तेव्हा डाकोटा विमाने होती. दोन इंजिनांची, मूळची माल वाहण्याची. माणसांच्या श्वासासाठी बंदिस्त हवेची सोय त्यांत नाही, पंखांवरचे बर्फ झाडण्याची व्यवस्था नाही, त्या वाटेचे भरवशाचे नकाशे नाहीत. मधली शिखरे टाळायची तर विमान त्याच्या ताकदीच्या शेवटच्या टोकापर्यंत, वीस हजार फुटांच्या वर चढवावे लागणार. जगात इतक्या उंचीच्या पट्टीवर असे विमान सहसा कोणी उतरवीत नसे.

२४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहेरसिंग यांनी ते विमान स्वतः चालविले. हाताखालच्या वैमानिकाला 'जा' म्हणण्याआधी आपण जाऊन यावे, अशी त्यांची रीत. आणि त्यांच्याबरोबर विमानात बसले मेजर जनरल थिमय्या, काश्मीरच्या त्या विभागाचे सेनापती. सैनिकांना जेथे पाठवायचे तेथे आपण आधी उतरावे, हा त्यांचाही विचार असावा. डाकोटा शिखरांमधून वाट काढीत गेले आणि सिंधूकाठच्या त्या वाळूवर सुखरूप उतरले.

लडाखी लोक अजून सांगतात की, त्या दिवशी जमलेल्या म्हाताऱ्यांनी त्या प्रचंड पाखरापुढे गवताच्या पेंढ्या आणून टाकल्या. इतक्या लांबून आले, दमले असेल, भुकेले असेल! गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यामागचे सत्य निराळेच आहे. ज्या लडाखात प्रार्थनाचक्राखेरीज दुसरे चाक क्वचितच फिरले असेल, तेथे मोटार येण्याआधी विमान आले. बैलगाडी, टांगा, मोटार, आगगाडी, विमान अशी पायरी आपण सगळे चढलो; लडाख एकदम शेवटच्या पायरीवर उभे राहिले.

त्यानंतर डाकोटांनी गुरख्यांच्या पलटणीतले जवान लेहला आणावयास प्रारंभ केला. खाली मनालीच्या बाजूनेही एक तुकडी खेचरे घेऊन चालत निघाली. नुब्रा खोऱ्यातले सतरा वर्षांचे पोर, चेवांग रिंचेन, आपल्या गावच्या तरुणांना घेऊन उभे राहिले. त्याला महावीरचक्र मिळाले, आणि १९७१ च्या युद्धात पुन्हा एकदा मिळाले. १ नोव्हेंबर १९४८ रोजी झोजी लावर भारतीय फौजेने चक्क रणगाडे चढविले, आणि महिनाअखेरीस कारगिलमार्गे लेहची वाट मोकळी झाली.

लेह राहिले. स्कार्दू मात्र राहिले नाही. सहा महिने झुंज देऊन, अन्न आणि दारूगोळा संपल्यावर, १४ ऑगस्ट १९४८ रोजी ते पडले. तेथे कुमक घेऊन विमान उतरू शकले नाही. नकाशावर दोरा धरला तर श्रीनगरहून स्कार्दू हे लेहपेक्षाही जवळ आहे! मी हे मोजून पाहिले तेव्हा माझा हात तसाच थांबला. दोऱ्याने जे जवळ, ते गेले; आणि जे लांब, ते एका वाळूच्या पट्टीमुळे हाताशी राहिले.

मेहेरसिंगांना महावीरचक्र मिळाले. त्याच वर्षाच्या अखेरीच्या सुमारास ते विमानदलातून बाहेर पडले, आणि १९५२ च्या मार्चमध्ये जम्मूहून दिल्लीला येताना विमान-अपघातातच गेले. अवघ्या छत्तिसाव्या-सदतिसाव्या वर्षी.

*

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. श्रीनगरहून मोटारीचा रस्ता लेहला पोचला तो १९६२ च्या सुमारास. म्हणजे विमानामागून तब्बल चौदा वर्षांनी. त्याच वर्षी, जुलैत, स्क्वाड्रन लीडर राजे यांनी काराकोरम खिंडीच्या पायथ्याशी दौलत बेग ओल्डी येथे, सोळा हजार फुटांहून अधिक उंचीवर, पॅकेट जातीचे विमान उतरविले. ऑक्टोबरात चीनशी युद्ध पेटले, तेव्हा ॲन्टोनोव विमानांनी चुशूलच्या पट्टीवर रणगाडे नेऊन उतरविले. १९७४ साली लडाख प्रवाशांना खुले झाले; पुढे नागरी विमानेही सुरू झाली. लेहच्या विमानतळाला आज कुशोक बकुला रिंपोछे यांचे नाव आहे. मठातले लामा, लोकसभेचे सभासद आणि मंगोलियातले भारताचे राजदूत, अशा तिन्ही भूमिका ज्यांनी शोभविल्या ते हे सत्पुरुष. २०१९ च्या ३१ ऑक्टोबरला लडाख केंद्रशासित प्रदेश झाले. २०२० साली रोहतांगखालचा नऊ किलोमीटरांचा बोगदा खुला झाला आणि मनालीची वाट आखडली. तरीही दिल्लीहून मनालीमार्गे लेह सुमारे हजार किलोमीटर पडते, श्रीनगरमार्गे साडेबाराशेच्या घरात. दोऱ्याचे सव्वासहाशे ते कागदावरचेच.

पण आकडे वाचून माझे समाधान होईना. मग पुढच्या मे महिन्याच्या सुटीत, पुढच्या कादंबरीचे पैसे आगाऊ मागून घेऊन, मी स्वतः लेहला गेलो.

विमान दिल्लीहून पहाटे निघाले. पहाटेच का, हे मला त्या विद्यार्थ्याने नंतर समजावून दिले. गुरूने शिष्याकडून शिकण्याचा तो प्रसंग. लेहची धावपट्टी दहा हजार सहाशे फुटांच्या वर आहे. तेथे हवा विरळ. विरळ हवेत पंखांना आधार कमी, इंजिनाला जोर कमी. म्हणून विमानाला अधिक वेगाने, अधिक लांब धावावे लागते. उन्हे चढली की हवा तापून आणखी विरळ होते, आणि दुपारी खोऱ्यातून वारे सुटतात. म्हणून येणारी-जाणारी बहुतेक विमाने सकाळीच आपले काम उरकतात. एका अंगाला डोंगर असल्याने विमाने बहुधा एका दिशेने उतरतात आणि तिच्या उलट दिशेने उडतात. सकाळी ढग दाटले, दिसेनासे झाले, तर तो दिवस गेला. दुपारी आभाळ निवळले तरी उपयोग नाही. उद्याची सकाळ पाहायची.

खिडकीतून मी खाली पाहत होतो. पंजाबची शेते सरली, हिरवे डोंगर सरले, आणि मग एकामागून एक पांढऱ्या रांगा. त्यांचा अंतच लागेना. मी वर्गात 'पीर पंजाल, मुख्य हिमालय, झांस्कर' असे एका दमात म्हणत आलो. त्या तीन शब्दांत इतके बर्फ असेल असे मला वाटले नव्हते. मग विमान सिंधूच्या खोऱ्यात शिरले, दोन्ही बाजूंना तपकिरी उघडे डोंगर, आणि स्पितुकचा मठ अगदी पंखाखालून गेल्यासारखा वाटला. चाके टेकली. मी घड्याळ पाहिले. सव्वा तासच झाला होता.

माझा विद्यार्थी बाहेर उभा होता. त्याने वाकून नमस्कार केला आणि पहिले वाक्य बोलला ते असे, "सर, हळू चाला. दोन दिवस नुसते पडून राहायचे." मी हसलो. संध्याकाळी हसू मावळले. डोके ठणकू लागले, चार पायऱ्या चढताना धाप लागली, रात्रभर झोप नाही. दिल्लीच्या सातशे फुटांवरून दहा हजार फुटांवर सव्वा तासात जाऊन बसलेले शरीर मागेच कोठेतरी राहिले होते. सैन्यात नव्या माणसाला या उंचीवर पहिले सहा दिवस हवेची सवय होण्यासाठीच देतात, असे त्याने सांगितले. तेव्हा मला ते सोळा मुक्काम आठवले. घोड्यामागून चालणाऱ्या त्या व्यापाऱ्याचे शरीर मुक्कामागणिक उंचीला सरावत लेहला पोचत असे. आपण ते दिवस वाचविले असे म्हणतो, पण त्यांतले काही दिवस तरी लेह आपल्याकडून वसूल करून घेतेच.

तिसऱ्या दिवशी आम्ही धावपट्टीजवळच्या रस्त्यावर उभे होतो. एक विमान उडाले आणि डोंगराआड वळले. तो बराच वेळ तिकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, त्या चार दिवसांत मी रोज पहाटे येऊन बसायचो. सामान घेऊन. दहा वाजता सांगायचे, आज नाही. समोर दिसते ती पट्टी. पण आभाळ नव्हते." मी काहीच बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हते.

*

गावी परतल्यावर मी त्याच्या आईला भेटलो. तिने चहा टाकला. मी तिला लेहचे सगळे वर्णन सांगितले. मेहेरसिंगांची गोष्ट सांगितली, म्हाताऱ्यांनी विमानाला गवत घातल्याची सांगितली. ती हसली. मग मी म्हणालो, "मावशी, मी तुम्हाला चुकीचे सांगितले होते. हवा असेल तर सव्वा तास. नसेल तर किती, ते कोणालाच सांगता येत नाही."

ती चुलीतली लाकडे सारीत होती. म्हणाली, "ते कळलं मला, गुरुजी. तवापास्नं मी लांब किती ते इचारीतच न्हाई. त्याचा फोन आला की आधी इचारते, आभाळ कसं हाय तिकडं."

या वर्षी सातवीच्या वर्गाला हिमालय शिकवताना मी पुन्हा दोरा धरला. मुलांनी साडेपाच गुणिले एकशे अकरा हा गुणाकार पटकन केला. मग मी फळ्यावर त्या उत्तराखाली झोजी ला, फोटू ला आणि धावपट्टीची उंची लिहिली, आणि त्यांना वहीत एक रकाना मोकळा ठेवायला सांगितले. एका मुलीने विचारले, "सर, त्यात काय लिहायचं?" मी म्हणालो, "त्या दिवसाचं आभाळ."